पन्नास साक्षीदार, साक्ष एकच

श्रोतेहो, एखाद्या घटनेचे पन्नास साक्षीदार न्यायासनापुढे उभे राहिले आणि त्या पन्नासही जणांनी ती घटना एकाच खिडकीतून पाहिलेली असली, तर त्यांच्या साक्षीला पन्नासपट वजन द्यावयाचे काय? कोणीही विचारी मनुष्य नाही असेच म्हणेल. त्या खिडकीतून जे दिसत नव्हते ते पन्नासांपैकी एकालाही दिसले नसणार. आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. इंटरनेटची प्रकृती तपासण्यासाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी आणि कचेरीत छोटी मापनयंत्रे बसविली आहेत. त्यांची एकाच जाळ्यात दाटी झाली, तर तिला मर्यादा घालावी काय, आणि घालावयाची झाल्यास कोणत्या तत्त्वावर घालावी, असा तो प्रश्न आहे.

प्रथम ही यंत्रे हवीत कशाला, ते पाहू. आपण इंटरनेट हा शब्द एकवचनी वापरतो, त्यामुळे ती एकच प्रचंड संस्था असावी असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. निरनिराळ्या कंपन्या, विद्यापीठे, सरकारी खाती आणि पेढ्या यांची पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी परस्परांशी जोडली गेली आहेत, आणि त्या जोडणीलाच आपण इंटरनेट म्हणतो. या प्रत्येक जाळ्याला तांत्रिक परिभाषेत स्वायत्त जाळे म्हणतात. प्रत्येकाचा मालक वेगळा, कारभार वेगळा आणि शेजाऱ्याशी केलेला करार वेगळा. सर्वांवर देखरेख ठेवणारी मध्यवर्ती कचेरी कोठेही नाही. आपल्या घरातील दिवे लागले आहेत की नाहीत हे प्रत्येक मालकास ठाऊक असते. परंतु सगळ्या गावाचा उजेड कसा आहे, हे सांगणारा कोणी नसतो. ते कळावयाचे असेल तर गावातील अनेक घरांतून, अनेक दिशांनी, एकाच वेळी बाहेर पाहिले पाहिजे.

हे काम अंगावर घेणाऱ्या संस्थांपैकी एक प्रमुख संस्था नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथे आहे. युरोपातील जाळेचालकांनी १९८९ साली ‘राइप’ नावाचे एक खुले व्यासपीठ स्थापन केले आणि त्याच्या कारभारासाठी १९९२ साली ‘राइप एनसीसी’ ही कचेरी उभी राहिली. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग यांतील जाळ्यांना इंटरनेटचे क्रमांक वाटून देणे, हे तिचे मुख्य काम. आपल्या हिंदुस्थानकडे पाहणारी अशीच संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. या ॲम्स्टरडॅमच्या संस्थेने २०१० साली ‘राइप ॲटलस’ नावाचा उपक्रम सुरू केला. तळहातावर मावेल एवढी एक डबी तयार करून ती इच्छुकांना विनामूल्य द्यावयाची आणि त्यांनी ती आपल्या घरच्या किंवा कचेरीच्या इंटरनेटला जोडून ठेवावयाची, अशी ती योजना. या डबीला प्रोब म्हणतात. ती वीज अगदी थोडी खाते, आवाज करीत नाही, आणि घरातील माणसे काय वाचतात, काय लिहितात याकडे पाहत नाही. ती फक्त आपण होऊन बाहेर प्रश्न पाठविते आणि उत्तर यावयास किती वेळ लागला याची नोंद करते. आज बारा हजारांहून अधिक प्रोब जगभर चालू आहेत. युरोपच्या बाहेरही ते पसरले आहेत आणि हिंदुस्थानातही आहेत.

प्रोबची कामाची रीत समजण्यास फारसे कठीण नाही. दूरच्या एखाद्या संगणकाकडे तो एक लहानसा संदेश पाठवितो आणि परतीचा निरोप येईपर्यंतचा काळ मोजतो. या क्रियेस ‘पिंग’ म्हणतात. वाटेत कोणकोणत्या नाक्यांवरून संदेश गेला याची यादी मिळवितो, तिला ‘ट्रेसरूट’ म्हणतात. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यावयास एक मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागतो. मुंबईहून ॲम्स्टरडॅम सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटर आहे. तेव्हा तेथे जाऊन परत येण्यास सत्तर मिलीसेकंदांहून कमी वेळ लागणे निसर्गनियमानुसार शक्य नाही. प्रत्यक्षात जितका काळ अधिक लागेल, तितका वळसा, गर्दी किंवा बिघाड वाटेत आहे असे समजावे. असे हे साधे गणित आहे. परंतु हजारो ठिकाणांहून अहोरात्र ते केले म्हणजे त्यातून इंटरनेटच्या प्रकृतीचा आलेख तयार होतो.

यजमानांना या सेवेचा मोबदला पैशांत मिळत नाही. प्रोब चालू राहील तितक्या प्रत्येक मिनिटाला पंधरा क्रेडिट त्यांच्या खात्यावर जमा होतात. दिवसाचे झाले २१,६००. ही क्रेडिट खर्च करून यजमानाला इतरांच्या प्रोबकडून स्वतःची मापने करवून घेता येतात. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत शेतकरी इर्जिक घालतात, आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या शेतावर येईन, तशातलाच हा व्यवहार आहे. पुढे मोठ्या क्षमतेची ‘अँकर’ नावाची स्थानके आली, आणि २०२० पासून डबीवाचूनही हे काम होऊ लागले. आपल्याच संगणकावर एक आज्ञावली बसविली की तो संगणक प्रोब होतो.

येथवर सारे ठीक आहे. परंतु स्वेच्छेने येणारी मदत ही पावसासारखी असते. जेथे आधीच हिरवे आहे तेथे ती अधिक पडते. प्रोब मागून घेणारा मनुष्य बहुधा या शास्त्रातला जाणकार असतो. असे जाणकार मोठ्या शहरांत राहतात, एकमेकांचे परिचित असतात, एकाच परिषदेला जातात, आणि पुष्कळदा एकाच नामांकित कंपनीची जोडणी वापरतात. परिणाम असा की, युरोप आणि उत्तर अमेरिका येथे प्रोबची गर्दी आहे आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात ते विरळ आहेत. युरोपातही काही थोड्या बड्या कंपन्यांच्या जाळ्यांत ते दाटीने आहेत आणि शेकडो लहान जाळ्यांत एकही नाही. आज्ञावलीच्या रूपातील प्रोब निघाल्यापासून एकाच मनुष्याला एकाच जागी अनेक प्रोब उभे करणे सोपे झाले. प्रत्येक प्रोबमागे क्रेडिट मिळत असल्याने तसा मोहही होऊ शकतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. परंतु निरनिराळ्या माणसांच्या शंभर सद्हेतूंची बेरीज सुनियोजित कामाइतकी होईलच, अशी खात्री देता येत नाही.

कोणी म्हणेल, असले थोडे जास्त तर बिघडले कोठे? फुकट आलेली मदत नाकारावी कशाला? या आक्षेपाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग खर्चाचा. प्रोब फुकट चालतो, पण त्याने केलेल्या नोंदी फुकट साठत नाहीत. इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेच्या शिखरावर तेरा मूळ सेवक आहेत. त्यांपैकी प्रत्येकाला हरएक प्रोब दर चार मिनिटांनी पिंग करीत असतो. तासाला पंधरा, दिवसाला ३६०; तेरा सेवकांचे मिळून ४,६८०. एकाच इमारतीत, एकाच जोडणीवर पन्नास प्रोब असले, तर या एका कामाच्याच दिवसाला २,३४,००० नोंदी झाल्या, आणि त्या बहुतांशी एकच गोष्ट सांगणार. त्या साठवावयाच्या, जपावयाच्या आणि मागेल त्याला द्यावयाच्या. हा खर्च संस्थेच्या सभासदांच्या वर्गणीतून चालतो. शिवाय समोरच्या सेवकालाही प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो सत्याविषयी आहे. समजा, एका देशात शंभर प्रोब आहेत आणि त्यांतील साठ एकाच कंपनीच्या जाळ्यात आहेत. संशोधकाने शंभरांची सरासरी काढून त्या देशाचे इंटरनेट असे आहे म्हणून जाहीर केले, तर त्याने सांगितली ती मुख्यतः त्या एका कंपनीची हकीकत. त्या कंपनीचा एक दुवा बिघडला तर सारा देश आजारी दिसेल. उलट बाकीची सारी जाळी कोलमडली तरी निम्म्याहून अधिक प्रोब सर्व क्षेम असल्याचे कळवीत राहतील.

केवळ संख्येवर विसंबल्याने काय घडते, याचे एक नामांकित उदाहरण १९३६ सालच्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत सापडते. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतदारांना पत्रके धाडली. तेवीस-चोवीस लाख उत्तरे आली, आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्रके ज्या याद्यांवरून गेली त्यांत दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्या सुस्थितीतील लोकांचा भरणा होता, आणि उत्तर पाठविण्याची तसदी घेणारेही एका विशिष्ट मताचे अधिक होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. लाखो उत्तरे आली, पण ती एकाच खिडकीतून आली होती.

सांख्यिकी शास्त्रात या गोष्टीचे एक सूत्र आहे. निरीक्षणे एकमेकांसारखी असली, तर त्यांची खरी किंमत संख्येइतकी राहत नाही. समजा, एका जोडणीवरील प्रोबांच्या निरीक्षणांतील परस्परसंबंध ०.८ इतका आहे. म्हणजे एकाने जे सांगितले तेच दुसरा बहुधा सांगणार. मग दोन प्रोबांची किंमत १.११ स्वतंत्र प्रोबांइतकी होते. पाच प्रोबांची होते १.१९. आणि पन्नास प्रोबांची? अवघी १.२४. पाचांवरून पन्नासांवर गेलो, पंचेचाळीस डब्या अधिक बसविल्या, आणि ज्ञानात भर पडली ती एका प्रोबाच्या विसाव्या भागाइतकी. पाच हजार बसविले तरी ही किंमत सव्वाच्या पुढे जाणार नाही. उलट, पाच वेगळ्या जाळ्यांत पाचच प्रोब बसविले आणि त्यांचे मार्ग खरोखर स्वतंत्र असले, तर किंमत पुरी पाच.

तेव्हा मर्यादा हवी, हे मान्य करू. परंतु खरी अडचण येथून पुढे आहे. जास्तीचा प्रोब कोणता, हे ओळखावयाचे कसे?

येथे पर्जन्यमापकाचे उदाहरण घेऊ. सपाट मैदानात दहा किलोमीटरांच्या अंतराने ठेवलेले दोन पर्जन्यमापक मोसमाअखेर बहुधा सारखाच आकडा दाखवतील. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी हजारो मिलीमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरांवर, पर्जन्यछायेत असलेल्या वाईला त्याचा एक लहानसा अंशच मिळतो. हे दोन मापक जवळ आहेत म्हणून एक काढून टाकावा असे कोणी म्हणणार नाही. मधला डोंगर किती उंच आहे, हे किलोमीटरांवरून कळत नाही.

इंटरनेटचेही असेच आहे. बेळगावात शेजारीशेजारी असलेल्या दोन घरांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, तर एकाचा संदेश मुंबईमार्गे आणि दुसऱ्याचा चेन्नईमार्गे समुद्रापार जाऊ शकतो. भिंत एक, पण इंटरनेटच्या नकाशावर ही घरे दूरदूरची. याच्या उलट, शेकडो कोसांवरील दोन गावे एकाच कंपनीच्या एकाच नाक्यातून बाहेर पडत असतील, तर त्या नाक्यापलीकडील प्रश्नांपुरती ती एकच जागा होय.

मात्र ‘एका कंपनीत एकच प्रोब’ असा ढोबळ नियमही चालणार नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या कंपनीचे जाळे मध्यवर्ती यंत्रणेतील एका चुकीच्या बदलामुळे कोसळले आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. अशा सर्वस्वी संहाराची वार्ता द्यावयास एक प्रोब पुरे होता; त्याचे मौनच बोलके ठरले असते. परंतु हा घात साऱ्या जाळ्याचा आहे की एखाद्या शहरापुरता, हे समजण्यासाठी निरनिराळ्या शहरांत त्याच कंपनीचे प्रोब हवेतच. म्हणजे कोणता प्रोब निरर्थक हे आपण विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. एका प्रश्नाला जो भरताड, तोच दुसऱ्या प्रश्नाला आधार.

संशोधकांनी हा पेच सोडविण्यासाठी नुसत्या नकाशाकडे न पाहता प्रोबांच्या उत्तरांकडेच पाहावयास आरंभ केला. थॉमस होल्टरबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली निरीक्षणस्थानांतील साम्य मोजून त्यावरून निवड करण्याची पद्धत मांडली. २०२२ साली ‘मेटिस’ नावाची पद्धत पुढे आली. मापनांतून दिसणाऱ्या अंतरावरून परस्परांपासून दूर असलेले प्रोब ती निवडून देते आणि कोणत्या जाळ्यांत नवे प्रोब बसविले असता अधिक लाभ होईल, हेही सुचविते. मार्गांची माहिती गोळा करणाऱ्या निराळ्या यंत्रणांसंबंधी २०२४ साली आणखी एक विचार पुढे आला. निरीक्षक भरपूर घ्यावेत, परंतु त्यांच्याकडून येणाऱ्या माहितीतील पुनरुक्ती साठवणुकीपूर्वीच गाळून टाकावी, असा तो विचार. दारातच माणसाला परत पाठविण्यापेक्षा, आत घेऊन प्रत्येकाकडून नवे तेवढेच ऐकावे, असा त्याचा मथितार्थ.

आता पुनरुक्तीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. नाही तर न्याय होणार नाही. आपल्या देशातील थोर सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करताना एक युक्ती योजिली होती. त्यांनी नमुन्याचे असे उपनमुने पाडले की ते एकाच प्रदेशात परस्परांत गुंफलेले असावेत, आणि ते निरनिराळ्या तुकड्यांकडे स्वतंत्रपणे सोपविले. दोन तुकड्यांचे निष्कर्ष जुळले तर विश्वास वाढावा. न जुळले तर कोठे तरी कामात दोष आहे हे उघड व्हावे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही हे तत्त्व वापरले गेले. ही पुनरुक्ती आपोआप झालेली नव्हती. ती योजून ठेवलेली, मोजकी आणि सहेतुक होती.

प्रोबांनाही असा जोडीदार हवा. एकाच प्रोबने विलंब वाढल्याचे कळविले, तर दोष कंपनीचा की यजमानाच्या घरातील सैल झालेल्या तारेचा, ते कसे समजावे? दुसऱ्या घरातील प्रोब तेच सांगू लागला म्हणजे संशय फिटतो. शिवाय यजमान घर बदलतात, घराचे नूतनीकरण करतात, डबीवर धूळ साचते. एकावरच भिस्त ठेवली तर एक दिवस ती खिडकीच बंद होते. तिसरी गोष्ट अशी की, एखाद्या भागात एकच प्रोब असला की सारे संशोधक त्याच्यावरच कामे लादतात. या डब्या लहान कुवतीच्या असतात, आणि एकाच वेळी अनेक मापने चालली तर त्यांच्या वेळमापनात एकमेकांमुळे बाधा येऊ शकते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून जाळ्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागात दोन-तीन प्रोब असणे हा शहाणपणा होय. पन्नास असणे हा मात्र केवळ संचय.

या सर्व विचारातून मर्यादेचे स्वरूप कसे असावे, ते बरेचसे स्पष्ट होते. पहिली गोष्ट, गणना प्रोबांची न करता वेगळ्या दृष्टींची करावी. प्रोब कोणत्या जाळ्यात, कोणत्या शहरात आहे, नव्या व जुन्या अशा दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवर चालतो की एकाच, घरगुती जोडणीवर आहे की मोठ्या संगणकगृहात, हे पाहून त्यांचे गट पाडावेत. दुसरी गोष्ट, नव्या डब्या देताना ज्या जाळ्यांत एकही प्रोब नाही त्यांना अग्रक्रम द्यावा. तिसरी, दाटीच्या जागी सर्वांना एकच काम सांगू नये. पाळ्या लावाव्यात, आज या दोघांनी मूळ सेवकांची विचारपूस करावी, उद्या त्या दोघांनी. बाकीचे राखीव राहतील आणि बिघाडाच्या दिवशी सारे एकदम जागे करता येतील. चौथी, क्रेडिट देताना एकाच जोडणीवरील दहाव्या प्रोबला पहिल्याइतकेच देण्याचे कारण नाही. ते उतरत्या प्रमाणात असावे, म्हणजे संख्येचा मोह आपोआप आवरेल. आणि पाचवी, जुन्या नोंदींतील पुनरुक्ती गोळा करून तिचा गोषवारा ठेवावा. परंतु जेथे खिडकी एकच आहे तेथील मूळ नोंद जपून ठेवावी.

या साऱ्यात एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. स्वयंसेवकाला ‘तू जास्तीचा आहेस’ असे सांगून निरोप देण्यात मोठा धोका आहे. ज्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या विजेवर एक डबी निगुतीने चालू ठेवली, त्याला ती बंद कर म्हटले तर तो डबी बंद करीलच, परंतु उद्या दुर्गम गावी राहणाऱ्या आपल्या मित्राकडे ती पोहोचविण्याचे कामही करणार नाही. वास्तविक दाटीच्या ठिकाणचा यजमान हाच या उपक्रमाचा उत्तम दूत होऊ शकतो. राइप ॲटलसमध्ये परिषदांतून आणि विद्यालयांतून डब्या वाटणाऱ्या राजदूतांची प्रथा आहे. जास्तीची डबी परत मागण्याऐवजी ती जेथे कोणी पाहत नाही अशा जाळ्यात नेऊन बसविण्याची विनंती यजमानास केली, तर मर्यादेचे रूपांतर विस्तारात होईल. मर्यादा कामाला घालावी. माणसाला घालू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर अलीकडची काही वर्षे डोळ्यांपुढे आणावीत. १७ आणि १८ नोव्हेंबर २०२४ रोजी बाल्टिक समुद्रातील दोन केबली तुटल्या. एक लिथुएनिया आणि स्वीडन यांना जोडणारी, दुसरी फिनलंड आणि जर्मनी यांना. त्या भागात निरनिराळ्या जाळ्यांतून बसविलेल्या अँकरांनी आपसांत सतत चालविलेल्या मापनांवरून लवकरच दिसून आले की, काही मार्गांवरील विलंब वाढला, परंतु संदेश हरवण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळली होती. घबराटीच्या बातम्यांत हे मोजलेले सत्य केवढ्या मोलाचे! आणि ते सांगता आले, कारण साक्षीदार वेगवेगळ्या खिडक्यांत उभे होते.

याच्या उलट चित्र पश्चिम आफ्रिकेचे. १४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्यालगत चार सागरी केबली एकाच दिवशी निकामी झाल्या आणि आसपासच्या अनेक देशांचे व्यवहार खोळंबले. ज्या प्रदेशाला मापनाची सर्वांत अधिक गरज, तेथेच मापक विरळ. युरोपातील एखाद्या शहरात पन्नासावा प्रोब बसविल्याने या काळोखात एक किरणही पडत नाही. आणि हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हा हिंदुस्थान आणि पाकिस्तान येथील वाहतूकही मंदावली. अशा वेळी इंदूर, हैदराबाद, बडोदे किंवा पणजी येथील कोणत्या जाळ्याला किती झळ लागली, हे त्या त्या जाळ्यात कोणी पाहणारा असेल तरच समजणार. दिल्ली-मुंबईच्या बड्या जोडण्यांवरून काढलेली सरासरी ग्वाल्हेरच्या ग्राहकाची अडचण सांगू शकत नाही. आणि जी अडचण मोजलीच गेली नाही, तिची तक्रार करावयास त्या ग्राहकाजवळ पुरावा उरत नाही.

म्हणून ज्यांना या कामात हातभार लावावयाचा असेल, त्यांनी एकच गोष्ट आधी पाहावी. आपल्या गावात, आपण वापरतो त्या कंपनीच्या जाळ्यात पूर्वीचा कोणी निरीक्षक आहे काय? हे प्रोबांचे नकाशे सर्वांना खुले आहेत. कोणी नसेल तर आपली डबी सोन्याच्या मोलाची ठरेल. दोन-चार असतील, तर आपल्या आजोळी, सासरी, किंवा वेगळ्या कंपनीची जोडणी असलेल्या एखाद्या शाळेत ती बसविता येईल काय, याचा विचार करावा. असे शंभर यजमान शंभर निरनिराळ्या जाळ्यांत उभे राहिले, तर त्यांचे काम दाटीवाटीने बसलेल्या हजारांहून सरस होईल, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.